नेट

सर्जेकोटच्या जेटीवर रेंजचा एक कोपरा आहे,
डिझेलच्या पिंपाला लागून, दीड पाऊल रुंद.
तिथे उभी राहून, मोबाइल डोक्यावर धरून
मी नेटचा फॉर्म भरत होते.
शेवटची तारीख, रात्रीचे अकरा पन्नास.
नेटला बसायचं तर नेट हवं,
आणि नेट खाडीच्या पलीकडे गेलेलं.

आबा बाजूला फाटकी कांडाळ शिवत बसलेला.
आदल्या रात्री डॉल्फिन घुसले होते,
मधोमध माणूस जाईल एवढं भगदाड.
म्हणाला, "कसला नेट गो?"
मी सांगितलं, परीक्षा. पास झाले तर कॉलेजात कायमची.
"आणि ह्या फोनातला?"
ते वेगळं.
"म्हणजे इंग्रजीत जाळाच मा?"
हो आबा, जाळंच.

तो हसला नाही. सुईत दोरा ओवत
त्याने नावं घेतली, हळू, हजेरी घेतल्यासारखी:
पाग, कांडाळ, वावरी, रापण,
पेडव्याची वेगळी, सुरमईची वेगळी,
आणि ती एक, जी त्याच्या बापाबरोबरच गेली,
जिचं नाव आता त्यालाही आठवत नाही.
मालवणच्या दुकानाच्या बिलावर मात्र
सगळ्यांना मिळून एकच: नायलॉन नेट, अकरा किलो.

आईला तिसराच अर्थ पाठ आहे.
लिलावाला दलाल कानामागचं पेन काढतो,
क्रेट वजा, बर्फ वजा, पाणी वजा,
वर त्याची टक्केवारी वजा,
आणि खाली रेघ मारून लिहितो, नेट.
आई ती रेघ बघते. आकडा नंतर बघते.
माझा तासिकेचा पगारही तसाच येतो,
मे महिना वजा, दिवाळी वजा.

शाळेत असताना आबाने जुनी कांडाळ
दोन माडांना ताणून दिली होती व्हॉलीबॉलला.
बॉल अडकायचा. खवले उडायचे.
पलीकडून गुणाजी मेथर ओरडायचा,
नेट! नेट! टच झाला नेटला!
आता तो मस्कतला गाळ उपसणाऱ्या जहाजावर आहे,
अधूनमधून नेटवर दिसतो, हिरवा ठिपका.

मराठी शिकवते म्हणून माझ्या लक्षात येतं:
फोनातलं नेट *गेलं*,
परीक्षेची नेट *दिली*,
आणि जोर करायचा तो नेट *लावला*.
पहिली दोन बाहेरून आली.
हा तिसरा आमच्या घरचा,
कधीपासून इथेच, दोराला घासून घासून गुळगुळीत झालेला.
त्याला वाटत असेल, हे कोण माझं नाव सांगत फिरतायत?

स्क्रीनवर गोल फिरत होता.
अकरा सत्तावन्न.
आबा म्हणाला, "लाव नेट."
कुठला, ते मी विचारलं नाही.

फॉर्म गेला. परीक्षाही झाली.
दोन मार्कांनी राहिले.
निकालाच्या सकाळी तळाशीलला रापण लागली होती
आणि घरात बसवेना म्हणून मी गेले.
रापणीच्या दोराला हात लावला की वाटा मिळतो,
तिथे कुणी कटऑफ विचारत नाही.
पुढे सुशल्या काकी, मागे कुणी पर्यटक बनियनवर,
आणि टोकाला आबा, पाय वाळूत रुतवून,
"वडा रे, नेटान वडा!"

जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात.
मी वर्गात कधी सांगितलं नाही,
सांगितलं तर मुलं वहीत सुविचार म्हणून उतरवतील.
पण आस म्हणजे भोकच, त्यातून पाणी जातं,
बारीक मासळी जाते,
जायलाच हवी, आबा म्हणतो, नाहीतर पुढच्या वर्षी काय खाशील.

आलं ते असं:
अर्धी टोपली तारली, एक शिंगाळा,
जेलीफिशचा ढीग, एका पायाची चप्पल.
आणि खिशात फोन थरथरला,
इथे, जिथे कधीच रेंज नसते.
जूनचा फॉर्म सुटला असेल,
नाहीतर गुणाजी.

हात खारट, ओले.
दोर अजून पुरता आला नव्हता.